पाण्याखालची दुपार

समुद्राच्या पोटात शिरल्यावर सर्वांत आधी आपलाच श्वास ऐकू येतो, आणि तो इतका मोठा असतो की माणूस थोडा ओशाळतो. रेग्युलेटर दातांत धरून हवा ओढली की एक लांब, कोरडी फुसकार. सोडली की बुडबुड्यांचा खळखळाट, कानांवरून वर वर पळत जाणारा. जन्मभर आपण श्वास घेत असतो आणि ते आपल्या गावीही नसतं. तिथं मात्र प्रत्येक श्वास जाहीर होतो. आणि त्या दोन जाहीर श्वासांच्या मधे एक फट असते, घेतलेला संपलेला आणि सोडायचा अजून सुरू व्हायचा असतो तेवढीच. स्कूबा शिकवणारे पहिल्याच तासाला बजावतात की श्वास कधीही रोखून धरायचा नाही, त्यामुळे ती फट मुद्दाम वाढवताही येत नाही. तेवढ्याशा सांदीतून मला ती तडतड ऐकू आली.

बारीक, कोरडी, एकसारखी चाललेली तडतड. समोरून येते आहे म्हणावं तर मागूनही येत होती. खालच्या खडकातून येते आहे असं वाटावं तर तेवढ्यात ती माझ्या कवटीच्या आतच उठते आहे असा भास व्हावा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगानं, आणि मग दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी येऊन पोचतो. दिशा ओळखायची कानांची जन्माची सवय तिथं निकामी होते. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी वाटलं ते इतकंच, की मी एका आवाजाच्या आत उतरते आहे. उतरते आहे, उतरते आहे, आणि त्याला तळ नाही.

हे कदमतचं पाणी. लक्षद्वीपमधलं बेट, कोचीहून चारशे किलोमीटरवर, रात्रभराच्या बोटीच्या वाटेवर. परवाने, तिकिटं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळं माझ्या भाचीनं परस्पर जमवलं होतं. ‘मावशी, तुला तिथं फक्त श्वास घ्यायचाय,’ एवढंच ती म्हणाली होती, आणि या वयात माणसाकडून कुणी इतकंच मागावं याचंच मला अप्रूप वाटलं होतं. बेट लांबीला आठ-नऊ किलोमीटर, रुंदीला ऐन फुगवट्यातही जेमतेम अर्धा. मधोमध माडांखालून जाणाऱ्या वाटेवर उभं राहिलं की पूर्वेकडून खडकावर फुटणारा समुद्र ऐकू येतो आणि पश्चिमेकडून, लगूनच्या बाजूनं, काहीच ऐकू येत नाही. निदान मला तसं वाटलं होतं. सगळ्या लक्षद्वीपची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, आणि त्या जमिनीनं कवेत घेतलेलं लगूनचं पाणी ४२०० चौरस किलोमीटर. जमीन म्हणजे तिथं नुसतं पाण्याला काढलेलं कुंपण. त्या कुंपणावर माणसं राहतात, नारळ पाडतात, काथ्या वळतात, मुलांना शाळेत धाडतात.

आम्हाला शिकवणारा मुलगा बेटावरचाच होता. ‘खाली बोलता येणार नाही, ऐकूही काही येणार नाही, म्हणून खुणा नीट पाठ करा मॅडम,’ असं त्यानं वर असताना सांगितलं. अंगठा आणि तर्जनी जोडली की ठीक. अंगठा वर केला की वर जायचं, शाबासकी नव्हे. समुद्राखाली शांतता असते ही समजूत जुनी आणि भल्या भल्या लोकांची आहे. झाक-ईव्ह कुस्तो यांच्या ज्या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि ज्यानं निम्म्या जगाला पहिल्यांदा पाण्याखालचं रंगीत जग दाखवलं, त्याचं नावच मुळी ‘द सायलेंट वर्ल्ड’. कुस्तोंनी जे पाहिलं त्याच्या शतांशही मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्याशी वाद घालायला मी कोण? पण नाव चुकलं. त्यांच्याही कानांवर ही तडतड पडली असणारच. कदाचित डोळ्यांना इतकं काम होतं की कानांना कुणी विचारलं नाही.

डोळ्यांचं राज्य तिथं असतं खरं. दोरीला धरून हळूहळू खाली जायचं, दर थोड्या अंतरानं नाक चिमटीत पकडून कानांतला दाब सारखा करायचा, दहा मीटरवर पोचेपर्यंत अंगावरचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट झालेला असतो आणि तरी शरीर हलकं हलकं होत जातं. गुडघे दुखत नाहीत. कितीतरी वर्षांनी गुडघे दुखत नाहीत! उजेड वरून तिरपा येतो, लाटांनी त्याच्या पट्ट्या पाडलेल्या असतात, आणि त्या पट्ट्या वाळूवरून सारख्या सरकत असतात. मग एकेक रंग निरोप घेतो. आधी लाल जातो. भाचीच्या पायांतले लालभडक फिन्स आधी विटकरी झाले, मग मळकट तपकिरी, मग नुसतेच काळसर. पिवळा बराच काळ तग धरतो. निळा सगळ्यांत शेवटपर्यंत सोबत करतो. फुलपाखरू माशांच्या जोड्या समोरून गेल्या, एकमेकांना न सोडता. एका समुद्रफुलाच्या हातांत क्लाउनफिशचं कुटुंब लपत होतं आणि पुन्हा बाहेर येऊन आम्हाला हाकलत होतं. कपारीत एक म्हातारा हेकरू बसला होता, जबडा किंचित उघडा, कुणाची वाट पाहत नसल्यासारखा. हे सगळं मी पाहिलं, आणि आज डोळे मिटले तर यातलं निम्मं अंधुक झालेलं आहे. तडतड मात्र झालेली नाही. तिचा रंग खोलीनं उडाला नव्हता. बहुधा काळानंही उडणार नाही.

आणि ती मला ओळखीची वाटत होती. हेच तर नवल. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते. माझं बालपण वऱ्हाडातलं, काळ्या मातीतलं, समुद्रापासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर. मग हा आवाज कुठला? वर येऊन होडीच्या कडेला बसल्यावर, केसांतून खारं पाणी गळत असताना, तो एकदम हाती लागला. आश्विनातली दुपार. आजीच्या घरापुढचं खळं. उडीद काढून आणलेला, वेलींसकट पसरलेला, काळपट तपकिरी शेंगांचा थर. ऊन डोक्यावर आलं की त्या शेंगा आपोआप तडकू लागत. एक इथं, एक तिथं, मग चार एकदम, मग मोजता येऊ नयेत इतक्या. प्रत्येक शेंग पीळ खाऊन उलगडे आणि आतले दाणे टणकन उडत, कधी पत्र्यावर, कधी ओसरीच्या पायरीवर. घरात सगळे झोपलेले. मी बाजेवर पडून, डोळे उघडे ठेवून, ऐकत राही. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता, आणि तरी ते सगळं अंगण जागं होतं. ‘झोप गं,’ आजी पाठ न वळवता म्हणे, ‘त्या फुटणारच. त्यायले काय पाहाचं?’

पाहायचं काहीच नव्हतं. ऐकायचंच होतं सगळं. जगातला सर्वांत कोरडा आवाज म्हणून जो मी मनाशी जपून ठेवला होता तो मला भर समुद्रात, बारा मीटर पाण्याखाली परत मिळावा, यात काहीतरी अजब आहे. आजीला सांगता आलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. समुद्र तिनं पाहिलाच नाही. तिच्या लेखी पाणी म्हणजे विहिरीतलं, आणि तेही उन्हाळ्यात सांगून ठेवलेलं.

त्या तडतडीचा धनी कोण, ते संध्याकाळी कळलं. पिस्तूल कोळंबी. बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहून लहान. दोन नांग्यांपैकी एक बेढब मोठी, जवळजवळ अंगाच्या निम्मी. ती नांगी उघडून ती दबा धरते आणि इतक्या वेगानं मिटते की मिटण्यातून पाण्याची एक चिळकांडी सुटते. त्या चिळकांडीच्या मागं पाण्यात क्षणभर एक पोकळी तयार होते, बुडबुडा, आणि तो बुडबुडा चहूबाजूंच्या पाण्याच्या दाबानं चिरडून मिटतो. आवाज त्या मिटण्याचा. बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटतात त्याचा तो आवाज. २००० साली नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण करून दाखवलं की आपटणं गप्प असतं, बोलतो तो बुडबुडा. पुढच्याच वर्षी त्यांना असंही आढळलं की मिटताना त्या बुडबुड्याच्या आत एक अतिसूक्ष्म प्रकाश लखकतो आणि तिथलं तापमान ५००० केल्व्हिनच्या वर जातं. डोळ्यांना तो प्रकाश दिसत नाही, इतका तो क्षणिक. म्हणजे मी ऐकत होते ती प्रत्येक तडक ही एक न दिसणारी ठिणगी होती, पाण्याच्या आत, पाण्यानंच पेटवलेली. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढायला म्हणून समुद्रात कान लावून बसलेल्या माणसांना या तडतडीनं हैराण केलं होतं. शत्रूच्या इंजिनाची घरघर ऐकायची आणि मधे या बोटभर जिवांचा कल्लोळ. मला त्यात एक फार मोठा दिलासा वाटतो. का ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाहिलं. शिक्षकानं पोटावर आडवं होऊन, हालचाल न करता, वाळूतल्या एका बिळापाशी थांबायला खुणावलं. बिळाच्या तोंडाशी एक छोटा गोबी मासा, पंखांवर टेकून बसलेला, डोळे टक्क. आणि आतून कोळंबी येत होती, दोन्ही नांग्यांत वाळू रेटत, बाहेर टाकून पुन्हा आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिला नीट दिसत नाही. म्हणून बाहेर आली की तिची एक लांब मिशी सतत त्या माशाच्या अंगाला टेकलेली असते. घर तिनं खणायचं, राखण त्यानं करायची. भाचीचा हात जरा पुढं सरकला तसा माशानं शेपटी थरथरवली, आणि क्षणात दोघंही बिळात गडप. ज्या नांगीतून तो बार उडतो तिच्याच शेजारची ती मिशी, इतकी नाजूक, सगळा वेळ कुणाला तरी स्पर्शून राहिलेली. पाण्याखाली रडता येतं का? मास्कच्या आत येतं. काच धुकटते, एवढंच.

तडतडीच्या पाठीमागे आणखी एक आवाज होता, जाडसर. करकर, मग थोडं थांबणं, मग पुन्हा करकर. तो पोपटमाशांचा. त्यांचे दात जुळून चोच झालेली असते; त्या चोचीनं ते प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडतात आणि त्याबरोबर खडकही ओरबाडतात. घशात दुसरी दातांची जोडी, तिथं तो चुनखडीचा खडक दळला जातो, आणि मग पोहता पोहता मागं पांढऱ्या वाळूची एक धूसर रेघ सुटते. ती रेघ मी पाहिली. एक निळा-हिरवा दांडगा मासा समोरून गेला आणि त्याच्यामागं ती रेघ पाण्यात क्षणभर लोंबकळून सावकाश खाली बसली. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा तिथं नव्यानं तयार होणाऱ्या वाळूतली ८५ टक्क्यांहून अधिक या माशांच्या पोटातून येते असं निघालं. कदमतचा हिशेब कुणी मांडला असेल-नसेल. पण संध्याकाळी अनवाणी किनाऱ्यावर चालताना पायांखालच्या त्या मऊ, पांढऱ्या, जराही न तापलेल्या वाळूकडं मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. ज्या जमिनीवर मशीद उभी आहे, शाळा उभी आहे, ज्या जमिनीत माड रुजले आहेत आणि ज्या जमिनीत बेटावरची माणसं आपली माणसं पुरतात, तिच्यातली मूठभर तरी त्या करकरीतून आलेली असणार. आवाजाचा गाळ साचत साचत बेट व्हावं! किती वर्षं खाल्लं असेल कुणी, आणि किती जणांनी.

आणि त्या वाळूच्याही खाली? चार्ल्स डार्विननं १८४२ साली लिहून ठेवलं की अशी कंकणाकृती बेटं म्हणजे बुडत गेलेल्या ज्वालामुखीच्या माथ्याभोवती प्रवाळानं धरलेला फेर. खडक बुडत जातो आणि प्रवाळ उजेडासाठी वर वर चढत राहतो. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि त्याच्या गळ्यातलं कंकण तेवढं उरतं. भूवैज्ञानिक त्याला आणखी एक जोड देतात, आणि ती ऐकल्यापासून माझ्या मनाचा ताबा तिनं घेतला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडं सरकत असताना ज्या एका तप्त ठिकाणावरून गेला, तिथून उसळलेल्या लाव्ह्याचे थर म्हणजे आपलं दख्खन. सह्याद्रीचा काळा पत्थर तोच, आणि तो झिजून झालेली वऱ्हाडातली काळी मातीही तीच. भूखंड पुढं सरकला, आग तिथंच राहिली, आणि तिच्यावरून जाणाऱ्या समुद्रतळावर डोंगरांची रांग उठत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. मग त्याच आगीनं मॉरिशस घडवलं, जिथं उसाच्या मळ्यांत गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज नांदतात; आणि आता ती रियुनियन बेटाखाली धुमसते आहे.

म्हणजे आजीचं खळं आणि हा प्रवाळखडक एकाच चुलीवरचे. ते खळं दरवर्षी शेणानं सारवलं जाई, त्याखाली काळी माती, त्याखाली काळा दगड. आणि इथं पांढरी वाळू, पांढरा चुनखडक, आणि खूप खाली, कुणी न पाहिलेला, तोच काळा दगड. त्यावर दोन्ही ठिकाणी तडतड. योगायोग आहे, मला कळतं. शेंगा आणि कोळंब्या यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. तरीही काही योगायोग माणसानं तपासू नयेत, उशाशी घेऊन झोपावं.

पण सगळीकडं तो आवाज तसा नव्हता.

एके सकाळी आम्ही जरा वेगळ्या ठिकाणी उतरलो. पाणी तितकंच नितळ, उजेड तितकाच तिरपा. खाली मात्र फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ मोडून पडलेले, तुकड्यांचा खच, त्यावर करड्या शेवाळाची साय. एखाद-दुसरा मासा. काही ठिकाणी मोठे गोलसर खडक जिवंत होते, त्यांच्या अंगावर पिवळट-तपकिरी तकाकी होती. बाकी सगळं उतरलेलं. मी श्वासांच्या मधल्या फटीत कान दिला. तडतड होती, पण विरळ. एक, मग वाट पाहायला लागावी इतका वेळ, मग दुसरी. माझ्या कानांवर मी फार भरवसा ठेवत नाही. डोळ्यांनी आधीच सांगितलेलं कान नंतर खरं करतात, हेही मला ठाऊक आहे. तरीही छातीत काहीतरी खाली बसलं.

वर आल्यावर शिक्षक होडीत बराच वेळ सिलिंडरचे पट्टे सोडत राहिला. मग म्हणाला, ‘हे २०१६ चं.’ जणू एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशानं अधिक तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर प्रवाळ आपल्या अंगात वस्तीला असलेलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. तेच शेवाळ त्याला अन्न देतं, तेच रंग देतं. मग प्रवाळ पांढरंफटक पडतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाही तर जातं. लक्षद्वीपमध्ये १९९८ साली तसं झालं, २०१० साली झालं, २०१६ साली झालं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांभोवती १९९८ ते २०२२ पर्यंत ज्यांनी सातत्यानं मोजदाद केली त्यांना जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आलेलं आढळलं. २०१६ साली शिक्षक स्वतः शाळेत शिकत होता. पांढरा झालेला खडक पाहायला तो आणि इतर मुलं मास्क लावून गेली होती आणि त्यांना तो फार सुंदर वाटला होता. ‘आम्हाला काय माहीत,’ तो म्हणाला. ‘इतका चमकत होता.’

त्यानंतर मी या आवाजाविषयी जे काही मिळेल ते वाचत सुटले, आणि एक गोष्ट अशी सापडली की ती वाचल्यावर पुस्तक उपडं ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. प्रवाळातले बहुतेक मासे जन्मतात तेव्हा खडकावर राहत नाहीत. अंड्यातून सुटलेलं नखाएवढं, जवळजवळ पारदर्शक पिल्लू प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात वाहून जातं आणि कित्येक दिवस, काही जातींत कित्येक आठवडे, तिथंच वाढतं. मग त्याला घर लागतं. चहूकडं पाणी, खाली अंधार, आणि ते निघतं, बहुधा रात्रीचं. निघतं कुठल्या रोखानं? आवाजाच्या. पिस्तूल कोळंब्यांची तडतड, माशांचे हुंकार, पोपटमाशांची करकर, हा सगळा गलका त्याला बोलावतो. ऑस्ट्रेलियात लिझर्ड बेटापाशी शास्त्रज्ञांनी मेलेल्या प्रवाळाचे छोटे ढीग रचून त्यातल्या काहींवर ध्वनिवर्धक लावले आणि जिवंत खडकाचा आवाज वाजवला. २००५ साली त्यांनी जाहीर केलं की आवाज असलेल्या ढिगांवर लहानग्या माशांनी जास्त बिऱ्हाडं मांडली. पुढं तिथलंही प्रवाळ उष्णतेनं गेलं, त्याच जागी पुन्हा आवाज नोंदवला तर तो पूर्वीपेक्षा क्षीण निघाला, आणि पिल्लांना त्याची ओढ कमी वाटू लागली. मग २०१९ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला: उद्ध्वस्त जागी निरोगी खडकाचा आवाज चाळीस दिवस वाजवत ठेवला, आणि तिथं येणाऱ्या माशांची संख्या दुप्पट झाली.

दुप्पट! आनंदच व्हायला हवा. मला झालाही. आणि त्याच क्षणी पोटात कालवलं. ओसाड घरात जुन्या भरल्या घराचा आवाज लावून ठेवायचा, आणि तो ऐकून कुणीतरी दूरवरून, अंधारातून, सगळा जीव गोळा करून यायचं. आल्यावर त्याला काय वाटत असेल? शास्त्रज्ञांची बाजू मला समजते. मासे आले की शेवाळ खाल्लं जातं, शेवाळ हटलं की नव्या प्रवाळाला बसायला जागा मिळते, कुठून तरी सुरुवात करायलाच हवी. ते बरोबर आहेत. पाणी तापायचं थांबलं नाही तर कुठलाही ध्वनिवर्धक पुरणार नाही हे तेही जाणतात. मी फक्त त्या नखाएवढ्या जिवाच्या बाजूनं थोडा वेळ उभी होते.

कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, विजयदुर्गच्या पश्चिमेला, पाण्याखाली आपल्याकडंही एक प्रवाळाचं पठार आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा वीस-बावीस मीटर खोलीवर आहे, वर बेट नाही, माड नाहीत, दीपस्तंभ नाही. मासेमारीच्या होड्या त्यावरून जातात-येतात. तिथंही या क्षणी ही तडतड चालू असणार. मुंबईत रात्री रहदारी जरा कमी झाली की मी हे मनाशी म्हणते. त्यानं झोप येते असं नाही. बरं वाटतं.

कदमत सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही लगूनमध्ये होतो. होडी जुनी, लाकडी. इंजिन बंद करून तांडेल कुप्याच्या मासेमारीला लागणारं आमिष शोधत होता. लगूनमधली चिमुकली चंदेरी मासळी जिवंत पकडून न्यायची, ती समुद्रात फेकून कुप्यांना भुलवायचं, आणि मग बांबूच्या गळानं एकेक उचलायचा, अशी इथली रीत. हल्ली आमिष पूर्वीसारखं मिळत नाही, असं तो सांगत होता. कासवं वाढली, त्यांनी तळाचं गवत खाऊन टाकलं, आणि गवत गेलं की मासळी कुठं राहणार? कासवांवर त्याचा मनापासून राग होता, आणि तेवढ्यात एक कासव श्वास घ्यायला वर आलं तर पहिल्यांदा बोट दाखवलं ते त्यानंच.

भाची होडीच्या तळाशी पाय पसरून आडवी झाली होती. एकाएकी ती ताठ उठली आणि पुन्हा झोपली, या खेपेला कान फळीला लावून. ‘मावशी, इकडं ये. लवकर!’ मीही ओणवी झाले. ओलं लाकूड, त्याला तेलाचा उग्र दर्प, आणि त्याच्या पलीकडून, अगदी स्पष्ट, ती तडतड. सिलिंडर नको, मास्क नको, परवाना नको. नुसता कान टेकला की पुरे.

तांडेल आमच्याकडं पाहत होता. ‘ते होय,’ तो म्हणाला. ‘ते लहानपणापासून आहे. लाकूड खाणारा किडा असतो पाण्यात, तो फळी कुरतडतो.’ त्याच्या वडिलांनी त्याला तसं सांगितलं होतं, आणि त्यांनी आवाज मोठा झाला की होडी ओढून वर घ्यायची, उलटी करायची आणि मुशीच्या काळजाचं तेल चोपडायचं, असं घरातल्या सगळ्यांना लावून दिलं होतं. भाचीनं त्याला तोडक्यामोडक्या हिंदीत कोळंबी समजावून सांगितली, हाताची नांगी करून, चुटक्या वाजवून, गालांचा बुडबुडा करून. तो गंभीरपणे ऐकत होता. मधेच त्यानं स्वतः वाकून फळीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, उठला, दाढी खाजवली.

‘तेल चाळीस वर्षं मी लावतोय,’ तो म्हणाला, ‘त्याआधी बाप लावायचा. त्याचे पैसे आता कोणाकडं मागायचे?’ आणि भाची उत्तर शोधत होती तोवर त्यानं इंजिनाची दोरी ओढली.